पिकअप ट्रकची निलंबन-उंची वाढविणे

पुढे प्रवाशांची बंद खोली आणि मागे मालासाठी उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू मोटारगाडीस पिकअप ट्रक म्हणतात. गाडीचा सांगाडा व त्यावरील भार चाकांवर ज्या स्प्रिंगा, भुज, सांधे आणि धक्काशोषक यांच्या द्वारे तोलला जातो, त्या योजनेला निलंबन म्हणतात. या योजनेत बदल करून सांगाडा चाकांच्या तुलनेत वर उचलणे म्हणजे निलंबन-उंची वाढविणे होय. ही वाढ सु. २५ ते ७५ मिमी. असेल, तर तिला सौम्य वाढ म्हणता येते. या मर्यादेत मूळ भुज, सुकाणू-यंत्रणा आणि प्रचालक दंड कायम ठेवून काम भागते. सु. १०० मिमी. किंवा त्याहून अधिक वाढीसाठी पुढील निलंबनाचे आधार खाली आणावे लागतात व अनेक भाग नव्याने बसवावे लागतात. तो स्वतंत्र विषय आहे. सौम्य वाढ सोपी दिसते व स्वस्तातही होते. तथापि तिच्यातील चुका बहुधा गाडी भरलेली असताना, ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर उघडकीस येतात. त्यामुळे योग्य पद्धतीची निवड करणे महत्त्वाचे ठरते.

पिकअपचे निलंबन आणि मागील उंचवटा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडी कारखान्यातच बसविलेल्या पिकअप हौद्यासह विकावयास काढली. तेव्हापासून ही गाडी प्रथम ओझे वाहणारी व नंतर माणसांची, अशीच राहिली आहे. तिच्या मागील अखंड आसाखाली किंवा आसावर पट्टी स्प्रिंगा (बोली भाषेत पाटे) असतात. रिकाम्या व भरलेल्या गाडीच्या वजनातील जवळजवळ सर्व फरक या पाट्यांवरच पडतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. रिकाम्या गाडीत मागील पाट्यांच्या जोडीवर ५०० किग्रॅ. भार असून तो माल भरल्यावर १,१५० किग्रॅ. होतो आणि पाट्यांची जोडी दर ८ किग्रॅ. भारास १ मिमी. दबते, असे मानू. मग रिकामेपणी पाटे सु. ६३ मिमी. व भरल्यावर सु. १४४ मिमी. दबतील. म्हणजेच गाडीची मागील बाजू सु. ८१ मिमी. खाली येईल. याच दाबावरून उभ्या हेलकाव्यांची कंप्रता काढल्यास ती रिकामेपणी दर सेकंदाला सु. २ व भरल्यावर सु. १·३ येते. रिकामा पिकअप खड्ड्यांतून उसळ्या घेतो व भरलेला बराच शांत चालतो, याचे कारण हेच आहे.

माल भरल्यावर गाडी साधारण समतल राहावी म्हणून उत्पादक रिकाम्या गाडीची मागील बाजू २५ ते ५० मिमी. उंच ठेवतात. अनेक मालकांना हा उंचवटा खटकतो आणि केवळ पुढची बाजू उचलून गाडी समतल करण्याची साधने अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर खपतात. उंचवटा हा रचनेतील दोष नसून ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे, हे या खरेदीत बहुधा विसरले जाते.

उंची वाढविण्याची प्रथा : दुसऱ्या महायुद्धानंतर चारही चाकांना शक्ती पुरविणारे पिकअप नागरी वापरात आले, डॉज कंपनीची पॉवर वॅगन ही १९४६ मधील गाडी त्यांपैकी एक होय. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटी शर्यती भरू लागल्या. त्यांतून लांब चालीची निलंबने आणि मोठे टायर यांची आवड सर्वसामान्य मालकांपर्यंत पोहोचली. त्या काळच्या चारचाकी-चालनाच्या पिकअपना पुढेही अखंड आस व पाटे असत आणि उंची वाढविणे म्हणजे अधिक कमान असलेले पाटे बसविणे, एवढाच अर्थ होता. १९८० च्या दशकात फोर्ड, टोयोटा व जनरल मोटर्स यांनी अशा हलक्या गाड्यांना स्वतंत्र पुढील निलंबन दिले. त्यानंतर हे काम अधिक नाजूक बनले. २०१९ मध्ये बाजारात आलेला जीप ग्लॅडिएटर हा पुढे व मागे अखंड आस असणारा अपवाद होय. काही उत्पादक आता स्वतःच उंच आवृत्त्या विकतात, उदा., शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअपची २०१९ ची ट्रेल बॉस ही आवृत्ती कारखान्यातूनच सु. ५० मिमी. उंच येते.

वाढीने काय साधते : पुढील बंपराची खालची कड जमिनीपासून ४५० मिमी. उंच व टायरच्या पुढे ७५० मिमी. असेल, तर गाडी सु. ३१° चढावाला न घासता भिडू शकते. पुढची बाजू ५० मिमी. उचलली, की हा कोन सु. ३४° होतो. दोन आसांमधील सांगाड्याचा भाग उंचवट्यावर टेकण्याची शक्यताही कमी होते आणि चाकांच्या कमानीत थोडा मोठा टायर मावतो.

मात्र मागील अखंड आसाच्या मध्यावरील विभेदी पेटी या वाढीने तसूभरही वर जात नाही, कारण आस चाकांना जखडलेला असतो. दगडगोट्यांच्या वाटेवर प्रथम आपटणारा भाग बहुधा हाच असतो. त्याला वर नेण्याचा मार्ग म्हणजे मोठ्या व्यासाचा टायर, आणि व्यासातील वाढीच्या निम्मीच वाढ आसाला मिळते. उदा., २६५/७० आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सु. ७७७ मिमी., तर २६५/७५ आर १६ चा सु. ८०४ मिमी. असतो. हा बदल केल्यास आस सु. १३ मिमी. वर जातो. त्याच वेळी वेगमापक प्रत्यक्षापेक्षा सु. ३ टक्के कमी वेग दाखवू लागतो आणि एंजिनाला चाक फिरविण्यासाठी तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. सांगाडा आणि गाडीचे कवच यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ कवच उचलण्याचीही एक पद्धत आहे. तिने टायरला जागा होते, पण सांगाडा होता तेथेच राहतो व निलंबनात काही फरक पडत नाही.

ऊर्ध्व चाल व अधोचाल : गाडी सपाट जागी उभी असताना चाक आपल्या विराम स्थितीपासून वर जितके जाऊ शकते, तिला ऊर्ध्व चाल आणि खाली जितके लोंबू शकते, तिला अधोचाल म्हणतात. दोहोंची बेरीज धक्काशोषकाची लांबी व भुजांची रचना यांनी ठरलेली असते. समजा, पुढील चाकाची एकूण चाल २०० मिमी. असून तीत ऊर्ध्व चाल ११० व अधोचाल ९० मिमी. आहे. मूळचा धक्काशोषक ठेवून केवळ स्प्रिंग अधिक ताणून गाडी ५० मिमी. उचलली, तर एकूण चाल तीच राहते; मात्र विभागणी १६० व ४० मिमी. अशी होते. म्हणजे ही उंची नवीन मिळालेली नसून अधोचालीतून उसनी घेतलेली असते.

अधोचाल कमी झाल्याचा परिणाम प्रथम गतिनियंत्रक उंचवट्यांवर जाणवतो. उंचवटा ओलांडल्यावर चाक खाली उतरू पाहते आणि धक्काशोषक पूर्ण लांबून ठक्कन अडतो. खडबडीत वळणावर आतील चाकाचा रस्त्याशी असलेला संपर्क लवकर सुटतो. ज्या कच्च्या वाटांसाठी उंची वाढविली, त्याच वाटांवर चाके अधांतरी राहू लागतात. म्हणून एखादे साधन गाडी किती मिमी. उचलते, याआधी ते बसविल्यावर अधोचाल किती उरते, हे विचारणे आवश्यक असते. विक्रेत्यांच्या पत्रकांत पहिला आकडा ठळक छापलेला असतो; दुसरा क्वचितच आढळतो.

पुढील बाजूच्या पद्धती : बहुतेक आधुनिक पिकअपमध्ये पुढील प्रत्येक चाक वरचा व खालचा अशा दोन त्रिकोणी भुजांनी धरलेले असते. खालच्या भुजावर वेटोळी स्प्रिंग व तिच्या पोटात धक्काशोषक असा एकत्रित संच उभा असतो. हा संच भुजाच्या टोकावर नसून मध्याच्या थोडा पुढे टेकलेला असतो. त्यामुळे संचाच्या लांबीतील अल्प बदलाने चाकाशी मोठा बदल घडतो. संच भुजाच्या लांबीच्या ०·५५ अंतरावर टेकलेला असल्यास २५ मिमी. जाडीच्या अंतरकाने (मध्ये घातलेल्या चकतीने) गाडी सु. ४५ मिमी. उचलली जाते. ‘५० मिमी. वाढ’ असे लिहिलेल्या वेष्टनात निम्म्या जाडीची चकती पाहून गिऱ्हाइकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते, पण तसे नसते.

अंतरक दोन ठिकाणी घालता येतो. स्प्रिंगेच्या टोकाशी, संचाच्या आत घातल्यास स्प्रिंग आधीच अधिक दाबली जाते व वर सांगितल्याप्रमाणे अधोचाल घटते. स्प्रिंगेचा कडकपणा मात्र त्याने वाढत नाही. अशा वाढीनंतर गाडी कडक वाटते ती मुख्यतः धक्काशोषक वारंवार शेवटाला अडत असल्यामुळे. अंतरक संचाच्या डोक्यावर, सांगाड्याच्या खाली घातल्यास संपूर्ण संचच खाली सरकतो. अधोचाल टिकते, परंतु चाक आता मूळ मर्यादेच्याही खाली लोंबू शकते. पूर्ण लोंबलेल्या स्थितीत वरचा भुज स्प्रिंगेच्या वेटोळ्यांना घासू शकतो, गोलक सांधा आपल्या कोनाच्या शेवटाला पोहोचतो आणि चाकाकडे जाणाऱ्या शक्तिवाहक दंडाचे सांधे तिरपे चालतात. उलट दिशेने, मोठ्या खड्ड्यात सांगाड्यावरील रबरी अटकाव भुजाला थोपविण्यापूर्वीच धक्काशोषक आत तळाला टेकण्याचा संभव असतो. त्यामुळे या पद्धतीत थोडी वाढच पत्करावी आणि अंतरकांवर अंतरक कधीही चढवू नयेत.

तिसरा मार्ग म्हणजे वाढीव उंचीसाठीच आखलेला, योग्य लांबीचा धक्काशोषक व अपेक्षित भाराची स्प्रिंग असलेला पूर्ण संच बसविणे. त्याचा खर्च अंतरकांच्या कित्येक पट येतो. तरीही गाडी भरपूर वापरली जाणार असेल, तर हाच मार्ग दीर्घकाळ स्वस्त पडतो, कारण जुना संच तसाही झिजलेला असतो. काही धक्काशोषकांच्या कायेवर स्प्रिंगेची बैठक वर-खाली करण्यासाठी अनेक खाचा असतात. सोय चांगली असली, तरी सर्वांत वरची खाच वापरणे म्हणजे पुन्हा अधोचालीतून उसने घेणेच ठरते.

टोयोटा, जनरल मोटर्स, इसुझू इत्यादींच्या काही जुन्या पिकअपमध्ये पुढे वेटोळ्या स्प्रिंगेऐवजी पीळ-दंड असतो. त्याच्या टोकाचा बोल्ट आवळला, की गाडी वर येते. पाना फिरविण्यापलीकडे कशाचाही खर्च नसल्याने हा मोह फार जणांना होतो. दंडाची ताठरता यामुळे बदलत नाही. भुज मात्र अधिक खाली झुकतो, वरचा भुज अधोचालीच्या अटकावाच्या अगदी जवळ येतो व सांधे लवकर झिजतात. झिजून बसलेली पुढची बाजू मूळ उंचीवर आणणे, हा या बोल्टाचा खरा उपयोग होय.

कोणतीही पद्धत वापरली, तरी भुजांचे कोन बदलल्याने चाकांची ठेवण बदलते. चाकांचा वरचा भाग किंचित बाहेर कलतो, वरून पाहता चाके एकमेकांशी समांतर राहत नाहीत आणि सुकाणू-अक्षाचा मागील कल बहुधा कमी होतो. हा कल कमी झाला, की सुकाणू वळणानंतर आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती मंदावते व महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. चाकांची मापे पुन्हा जुळवून घेणे म्हणूनच अपरिहार्य आहे. सु. ५० मिमी.च्या पुढे मूळ समायोजनाची कक्षा अनेकदा अपुरी पडते व वरचे भुज बदलावे लागतात. त्यांची किंमत आरंभीच हिशेबात धरावी.

मागील बाजूच्या पद्धती : आस आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा ठेवून लांब यू-बोल्टांनी आवळणे, ही सर्वांत सोपी पद्धत. पाट्यांची ताठरता व चाल कायम राहत असल्याने रिकाम्या गाडीचा बसका बदलत नाही. परंतु वेग घेताना व थांबताना आस स्वतःभोवती मुरडू पाहतो आणि ठोकळ्यामुळे या मुरडीला अधिक लांब तरफ मिळते. पाटे नागमोडी वाकतात व चाके थरथरत उसळतात. २५ ते ४० मिमी.चा, बीड अथवा पोलादाचा एकसंध ठोकळा निर्धोक मानता येईल. लाकडी ठोकळा किंवा एकावर एक ठेवलेले दोन ठोकळे मुळीच नव्हेत. पुढील आसावर ठोकळे वापरणे धोक्याचे असते, कारण थांबताना तेथे येणारा जोर फार मोठा असतो.

पाट्यांच्या संचात एक जादा पाटा घातल्यास उंची व ताठरता दोन्ही वाढतात. वरील उदाहरणातील ताठरता दर मिमी.ला ८ वरून १० किग्रॅ. झाली, तर ६५० किग्रॅ. मालाखाली गाडी ८१ ऐवजी ६५ मिमी. बसेल. रोज माल वाहणाऱ्याला हा लाभ आहे. रिकामी गाडी फिरविणाऱ्याला हीच शिक्षा वाटेल. महाराष्ट्रात भाजीपाला व फळे वाहणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांना जादा पाटा घालण्याची पद्धत परिचित आहे. मात्र पाटा वाढला म्हणून आस, गतिरोधक व टायर यांची भारक्षमता वाढत नाही, आणि नोंदणीत लिहिलेली भारमर्यादाही तीच राहते. झुलत्या कडीची (शॅकलची) लांबी वाढवूनही मागील बाजू उचलता येते. कडी जितकी लांबते, त्याच्या सु. निम्मी उंची मिळते व आस किंचित फिरतो. संपूर्ण नवा, अधिक कमानीचा आणि पातळ पाट्यांचा संच हा सर्वोत्तम व सर्वांत महाग उपाय होय.

मागील बाजू उचलताना दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिली प्रचालक दंडाची. साधा युनिव्हर्सल सांधा तिरपा चालला, की पुढील दंडाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन समान असतील, तरच हा दोष परस्परांना छेदतो. आस फिरल्यास समानता बिघडते व गाडी सुरू करताना किंवा ठरावीक वेगाला तळातून थरथर जाणवते. आसाखाली पाचरीसारखा उतरता तुकडा घालून किंवा दोन भागांच्या दंडाचा मधला धारवा थोडा खाली आणून ती दूर करता येते.

दुसरी गोष्ट गतिरोधकांची असून अधिक गंभीर आहे. अनेक पिकअपमध्ये सांगाडा व मागील आस यांच्यातील अंतर एका दांडीने मोजणारी भारसंवेदी झडप असते. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, असे समजून ती मागील गतिरोधकांचा दाब कमी ठेवते, जेणेकरून रिकामी मागील चाके जखडू नयेत. मागील बाजू ५० मिमी. उचलून ही दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही झडपेला रिकामी किंवा अर्धी भरलेली भासते. मागील गतिरोधक कमी जोराने काम करतात व थांबण्याचे अंतर वाढते. रिकाम्या गाडीच्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. दांडीचा आधार वाढीइतकाच हलविणे, हा त्यावरील उपाय अगदी स्वस्त आहे.

स्थैर्य : गाडी उलटण्याचा संभव मोजण्यासाठी चाकांच्या डाव्या-उजव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागतात. या गुणोत्तरावर आधारलेली मानांकने अमेरिकेचे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन २००१ पासून प्रसिद्ध करीत आले आहे. चाकांतील अंतर १,६०० मिमी. व गुरुत्वमध्य ७०० मिमी. उंचीवर असल्यास गुणोत्तर सु. १·१४ येते. सांगाडा ५० मिमी. उचलल्यास, चाके व आस जागीच राहत असल्याने, गुरुत्वमध्य सु. ४२ मिमी. वर जातो असे धरू. मग गुणोत्तर सु. १·०८ होते, म्हणजेच ते सु. ६ टक्क्यांनी घटते. प्रत्यक्ष गाडी वळणावर झुकते, तिचे टायर दबतात व हौद्यातील माल उंच रचलेला असतो, म्हणून खरी मर्यादा या आकड्याहूनही खाली असते. अमेरिकेत २०१२ च्या आवृत्त्यांपासून हलक्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण सक्तीचे झाले. ही यंत्रणा मूळ उंची व टायर गृहीत धरून जुळविलेली असते. वाहनासमोरील अडथळा ओळखणारे कॅमेरे व रडार असलेल्या गाड्यांत उंची वाढविल्यावर त्यांचे अंशांकन पुन्हा करावे लागते.

निवड : पहिला प्रश्न उंचीचा नसून ओझ्याचा असावा. गाडी नेहमीच्या सामानासह आणि माणसांसह वजनकाट्यावर न्यावी व पुढील आणि मागील आसावरील भार वेगवेगळे मोजावेत. त्याच वेळी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टिपून ठेवावे. जमिनीपासून मोजलेली उंची टायरमधील हवेनुसार बदलते. हे माप बदलत नाही.

आठवड्यातून बहुतेक दिवस माल वाहणाऱ्या गाडीची केवळ पुढची बाजू उचलणे सर्वांत चुकीचे. आसांमधील अंतर ३,२०० मिमी. असता पुढून ५० मिमी. उचललेली गाडी मालाने मागे ८१ मिमी. बसली, तर तिचे नाक सु. २·३° वर जाते आणि दिव्यांचा झोत ३० मी. अंतरावर सु. १·२ मी. वर सरकतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि चालकाला स्वतःच्या गाडीपुढील रस्ता दिसत नाही. अशा गाडीसाठी मागे जादा पाटा किंवा नवा संच व पुढे जेमतेम २५ मिमी., एवढेच योग्य ठरते. क्वचितच माल वाहणाऱ्या, कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्या गाडीला पुढे ४० ते ५० व मागे २५ मिमी. अशी वाढ देऊन थोडा मागील उंचवटा शिल्लक ठेवावा. लोखंडी बंपर, ओढयंत्र, हौद्यावरील छत इ. कायमचे वजन चढविलेल्या गाडीला त्या वजनाची स्प्रिंग लागते. अंतरकाने तिचे काम होत नाही. ऑस्ट्रेलियात, जेथे अशा गाड्या सामानासह ओसाड प्रदेशांतून हजारो किमी. जातात, तेथील विक्रेते उंचीआधी कायमचे वजन विचारतात व त्यानुसार हलकी, मध्यम वा जड स्प्रिंग देतात. ही पद्धत सर्वत्र अनुकरणीय वाटते. केवळ रूपासाठी वाढ हवी असेल, तर तसे प्रांजळपणे मान्य करून सर्वांत कमी उंचीवर थांबणे श्रेयस्कर.

कायदा : अमेरिकेत सांगाड्याच्या किंवा बंपराच्या उंचीवरील बंधने राज्यागणिक वेगळी आहेत. पुढची बाजू फार उचलून मागील बाजू बसविण्याच्या हौसेमुळे चालकाला समोरचे दिसेनासे होते. तिच्यावर नॉर्थ कॅरोलायनाने २०२१, व्हर्जिनियाने २०२२ व साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये निर्बंध घातले. तेथील १९७५ च्या हमीविषयक कायद्यानुसार बाहेरचा भाग बसविला एवढ्यावरून उत्पादकाला संपूर्ण हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळे बिघाड झाला असल्यास मात्र येते. ऑस्ट्रेलियाच्या अनेक राज्यांत सु. ५० मिमी.पर्यंतची निलंबन-वाढ ठरावीक अटींवर स्वतंत्र प्रमाणपत्राशिवाय चालते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) यांच्या आगमनानंतर भारतातही ही हौस पसरू लागली असल्याने मालकाने प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे आधी चौकशी करणे हिताचे होय.

बसविणे व तपासणी : आवळलेले जुने यू-बोल्ट ताणले गेलेले असल्याने पुन्हा वापरू नयेत. भुज व पाटे यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना पक्के आवळल्यास, गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते व काही महिन्यांत फाटते. म्हणून अखेरचा आवळ गाडी आपल्या चाकांवर उभी असतानाच द्यावा. चाके पूर्ण लोंबती व सुकाणू दोन्ही टोकांना वळविलेले ठेवून गतिरोधकांच्या लवचिक नळ्या आणि चाकवेगमापकांच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. नंतर चाकांची मापे, भारसंवेदी झडप व दिवे जुळवावेत. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किमी.त थोड्या बसतात. त्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर, प्रथम रिकाम्या व मग नेहमीच्या ओझ्याच्या गाडीवर, पुन्हा मोजतात. पहिल्या टिपणाशी या मापांची तुलना केली, की प्रत्यक्षात मिळालेली वाढ कळते. वेष्टनावरील आकड्याशी ती क्वचितच तंतोतंत जुळते.